ती पिवळी वेल माका नव्हे

गणपती तोंडावर आले की आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाकरमान्यांची रेल्वे आरक्षणाची रड सुरू होते, माटवीच्या सामानाची यादी फिरते, आणि त्याच सुमाराला पिवळ्या फुलांच्या वेलीचा तो मजकूर कुठून तरी उगवतो. यंदा तो माझ्याकडे चार वेळा आला. चौथ्यांदा डोंबिवलीच्या भाच्याने पाठवला, खाली स्वतःची पुरवणी जोडून: "मावशी, तुमच्या गेटजवळ आहे तीच ना ही?"

तीच. म्हणून तर लिहायला बसले.

ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: हॉटेलांच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला दिसणारी ही पिवळ्या फुलांची वेल म्हणजे आयुर्वेदातला पीत भृंगराज, आपला पिवळा माका. ग्रंथांत हिचं वर्णन आहे. शास्त्रज्ञांनी हिच्यातून यकृताचं औषध शोधलं आहे. कावीळ झाली तर मूठभर पानांचा रस उपाशीपोटी सात दिवस घ्या, डॉक्टरची गरज नाही. खोबरेल तेलात कढवून लावली की पांढरे केस काळे होतात. गुरांना चारा होतो. बांधावर लावली की माती वाहून जात नाही. बी धरत नाही, त्यामुळे पसरायची भीती नाही. मधमाश्या येतात, आंब्याला फळ जास्त धरतं. आणि शेवटी, परदेशी कंपन्यांनी पेटंट घ्यायच्या आत प्रत्येक कोकणी माणसाने आपल्या दारात लावा.

पहिल्यापासून घेऊ. पहिलंच वाक्य चुकलंय, आणि बाकीची बरीचशी त्याच वाक्यावर उभी आहेत.

"ही वेल म्हणजे पिवळा माका"

आमच्या आत्येला मोबाइलवरचा फोटो दाखवला. चष्मा वर सारून तिने दोन क्षण पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो माको न्हय गो बाय." मालवणीत त्या झाडाला माको म्हणावं लागतं, कारण 'माका' म्हटलं तर त्याचा अर्थ 'मला' होतो. घाटावरून आलेल्या एका सुनेने "माका हवा" म्हटल्यावर "तुका व्हयो तां काय?" असा जो गोंधळ आमच्या घरात झाला होता, तो अजून कोणी विसरलेलं नाही. असो.

आत्येच्या शब्दावर कोणी जाऊ नये म्हणून मी तीन फांद्या केळीच्या पानावर शेजारी शेजारी ठेवल्या. पहिली नेहमीच्या माक्याची, मळ्याच्या कडेच्या ओलीतून काढलेली. दुसरी ओळखीच्या वैद्यांच्या बागेतून मागून आणलेली, खऱ्या पिवळ्या माक्याची. तिसरी माझ्या गेटजवळची.

माक्याचं फूल पांढरं आणि शर्टाच्या बटणाएवढं. पानं लांबट, हाताला खरखरीत. त्याचं देठ चिरडून बोटाला लावलं की थोड्या वेळाने बोट काळपट पडतं. पिवळ्या माक्याचं फूल पिवळं खरं, पण पान साधं, लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, कडेला फार तर एखाददुसरा दात, आणि दोन्ही बाजूंनी खरबरीत. गेटजवळच्या वेलीचं पान जाड, गुळगुळीत, तेल लावल्यासारखं चकाकणारं, आणि बहुतेक पानांना मधला एक व बाजूचे दोन असे तीन कंगोरे. कोवळ्या पानांत ते नीट कळत नाहीत, म्हणून जून पान बघायचं. फूल लांब दांडीवर एकटं उभं, रुपयाच्या नाण्याहून मोठं, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीक खाचा. पाकळी म्हणायची आपली सोय. शेवंतीच्या कुळात पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल असतं आणि मधला पिवळा गोंडा म्हणजे आणखी बऱ्याच फुलांची दाटी.

हे तीन कंगोरेच तिच्या नावात आहेत. १७५९ साली लिनीअसने तिला शास्त्रीय नाव दिलं त्यात 'ट्रायलोबेटम' हा शब्द होता, म्हणजे तीन पाळ्यांची. पुढे ती वेडेलिया या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, गेली. येना विद्यापीठात सतराव्या शतकात शिकवणारे जर्मन प्राध्यापक गेओर्ग वोल्फगांग वेडेल यांच्यावरून ते नाव पडलेलं. नर्सरीवाले आजही तिला वेडेलियाच म्हणतात, आणि वाडीतल्या पोरांनी त्याची "वेडी वेल" करून टाकली, ते नाव मला जास्त पटतं. १९९६ मध्ये प्रुस्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला स्फॅग्नेटिकोला प्रजातीत हलवलं. ही प्रजाती १९०० साली ब्राझीलमधल्या एका वनस्पतीवरून मांडली गेली. नावाचा अर्थ स्फॅग्नम शेवाळात राहणारी. ओल हिला किती प्रिय आहे ते नावातच आलं. खरा पिवळा माकाही याच प्रजातीत बसतो, त्यामुळे घोटाळा वाढतो. दोघी बहिणी आहेत हे खरं. पण एकीचं माहेर भारत, चीन, जपान, आग्नेय आशिया, आणि दुसरीचं मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत. बहिणीची जन्मपत्रिका दाखवून दुसरीचं लग्न ठरवायचा हा प्रकार आहे.

"ग्रंथांत वर्णन आहे"

निघंटूंत, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधींच्या जुन्या कोशांत, पांढरा, पिवळा आणि निळा असे भृंगराजाचे प्रकार सांगितलेत, हे बरोबर. पण अमेरिका खंडातली झाडं आपल्याकडे यायला लागली ती कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर. मिरची, काजू, पेरू, अननस सगळे तेव्हानंतरचे. ही वेल तर त्याहून उशिरा, बागेची शोभा म्हणून आली. जुन्या वैद्यांनी तिचे गुण लिहिले असतील तर मग त्यांनी काजूच्या बोंडाचेही लिहिले असणार.

"शास्त्रज्ञांनी हिच्यातून औषध शोधलं"

या एका वाक्यात खरा धागा आहे, म्हणून तो नीट उसवते. १९५६ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गोविंदाचारी, नागराजन आणि पै या तिघांनी वेडेलोलॅक्टोन नावाच्या द्रव्याची रचना मांडली. ते त्यांनी खऱ्या पिवळ्या माक्यातून काढलं होतं. तेव्हा त्याचं शास्त्रीय नाव वेडेलिया कॅलेंडुलेशिया असं होतं. नेहमीच्या माक्यातही ते द्रव्य मिळतं. यकृतावर त्याचा परिणाम होतो का, यावर पुढे प्रयोगशाळांत बरंच काम झालं. मजकूर लिहिणाऱ्याने 'वेडेलिया' एवढाच शब्द उचलला आणि हॉटेलच्या कुंडीतल्या वेलीला चिकटवला.

नावावरूनच ठरवायचं तर दुसरी बाजूही ऐका. अर्जेंटिना आणि उरुग्वेत वेडेलिया याच नावाने बरीच वर्षं ओळखली गेलेली एक वनस्पती आहे, आता तिचं नाव पास्कालिया. ती खाल्ली की गुरांचं यकृत निकामी होतं आणि ती मरतात. म्हणून आपल्या गेटजवळची वेल विषारी ठरते का? नाही ठरत. तसंच मद्रासच्या प्रयोगामुळे ती औषधीही ठरत नाही.

शिवाय द्रव्य सापडणं आणि औषध असणं यांत किती अंतर असतं ते कुठल्याही औषधवाल्याला विचारा. किती मात्रा, कोणाला, किती दिवस, सोबत दुसरी गोळी चालू असेल तर काय, यातलं काहीच "मूठभर पानं" या मापात बसत नाही. माझी मूठ आणि आमच्या दामूची मूठ यातच दुपटीचा फरक.

"कावीळ झाल्यास सात दिवस रस, डॉक्टरची गरज नाही"

बाकीचं हसण्यावारी नेलं असतं. हे वाक्य मात्र माणूस घालवेल.

आपल्याकडे लावणीच्या दिवसांत ताप आणि डोळ्यांत पिवळेपणा म्हटला की पहिली शंका लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, घ्यायला हवी. उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मुतातले जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून आत शिरतात. चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्याच्या पायाला भेगा नाहीत असं सहसा होत नाही. थंडी वाजून ताप, डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या तर कळवळायला होतं, अंग मोडून येतं. सगळे म्हणतात, कामाचा शीण. मग काही जणांत कावीळ दिसते, लघवी कमी होते, मूत्रपिंडं बसतात, फुप्फुसांत रक्तस्राव होऊ शकतो. सुरुवातीलाच ओळखलं तर डॉक्सिसायक्लिनसारखी साधी, स्वस्त गोळी कामाला येते. उशीर झाला की मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं, आणि आमच्या वाडीहून मोठा दवाखाना म्हणजे रात्री गाडी मिळण्यापासून तयारी. सात दिवस रस पिऊन वाट बघायची म्हणजे नेमके तेच दिवस घालवायचे ज्यात गोळीने काम भागलं असतं.

दुसरी कावीळ दूषित पाण्याची, हिपॅटायटिस ए आणि ई. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. गावठी उपायांची कीर्ती या आपोआप बऱ्या होण्यावरच चालते. रस घेतला तरी बरा, नाही घेतला तरी बरा, पण घेतलेला माणूस आयुष्यभर रसाचं नाव सांगतो. मी त्याला खोटा म्हणत नाही. तो बरा झालाच होता. पण हिपॅटायटिस ई गरोदर बाईला झाली, त्यातही शेवटच्या महिन्यांत, तर ती जिवावर बेतते. तिला घरी ठेवून पाला वाटत बसायचं नसतं. तिसरी कावीळ पित्ताचा खडा नळीत अडकून होते. तिथे पाल्याचा काय उपयोग?

गरोदर बाईचं आणखी एक. ही वेल जिथली आहे त्या कॅरिबियन भागात आणि मध्य अमेरिकेत लोक तिचा काढा घेतात, हे खरं आहे. त्यातला एक वापर बाळंतपणानंतर अडकलेली वार पडावी म्हणून आहे. म्हणजे तिथल्या बायकांच्या समजुतीप्रमाणे ती गर्भाशयावर काम करते. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या वापरली त्यांची समजूत एवढी स्पष्ट असताना आपण ती "कोणीही घ्या, साइड इफेक्ट नाही" म्हणून वाटतो आहोत.

ताप, पिवळे डोळे, गडद लघवी यांपैकी काहीही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि शेतात उतरला होता हे डॉक्टरांना आधी सांगा. वैद्यांकडे जायचं असेल तर जा, पण रक्त तपासल्यावर जा. मी ज्यांच्याकडून फांदी आणली त्या वैद्यांनीही मला नेमकं हेच सांगितलं.

"केस काळे होतात"

माक्याचा रस काळा पडतो, तो केसांवर रंगासारखा बसतो आणि धुतला की उतरतो. पांढरा झालेला केस मुळातून काळा करणारं तेल अजून निघालेलं नाही, निघालं असतं तर मी आधी घेतलं असतं. या वेलीचा रस तर बोटावरही काळा होत नाही. उलट शेवंतीच्या कुळातल्या बऱ्याच झाडांच्या रसाने काहींच्या कातडीला खाज आणि पुरळ येतं. गाजर गवत उपटलेल्यांना ते वेगळं सांगायला नको, तेही याच कुळातलं.

"गुरांना चारा"

आमची गाय हुंगते आणि पुढे जाते. परदेशी नोंदींत गाभण जनावरं गाभडण्याचा इशाराही आहे. दाव्याला बांधलेल्या उपाशी जनावरापुढे टाकली तर खाईलही, पण त्याला चारा म्हणत नाहीत.

"बांधावर लावा, माती धरते"

यात अर्धं खरं आहे. वेल जमिनीवर गालिचासारखी पसरते, पावसाचा थेंब थेट मातीवर पडत नाही, वरची माती थोडी वाचते. रस्त्यांच्या कडेला ती लावतात ती याच कारणाने. पण तिची मुळं पेरापेराला फुटतात आणि उथळच राहतात. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. चिऱ्याखालची तांबडी माती एकदा आतून भिजली की वरच्या गालिचासकट सरकते. माझ्या मागच्या दरडीचा कोपरा असाच खाली आला, वेल त्यावर हिरवीगार आणि फुललेली होती, पडल्यावरही.

बांधाला माती धरायचीच असेल तर वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, आणि उन्हाळ्यात माठात टाकायला होतात. पुळणीवर वाळू धरायला मर्यादवेल आहेच, जांभळ्या फुलांची. समुद्राची मर्यादा तिथे संपते म्हणून मर्यादवेल, एवढं नेमकं नाव असलेली वनस्पती सोडून आपण किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत ही लावतो. कातळसड्यावर तर ती नकोच. सड्याच्या खळग्यांत पावसाळ्यात जी बारीक फुलं येतात, त्यांना वाढायला बोटभर मातीचा थर आणि चार महिने मिळतात. त्यावर बारमाही गालिचा पसरला तर ती कुठे जाणार?

आणि गालिचाखाली फुरसं बसलेलं दिसत नाही. आमच्याकडे हा मुद्दा बाकी सगळ्यांहून भारी ठरतो.

"बी धरत नाही, म्हणून पसरत नाही"

बी फारसं धरत नाही, बरोबर. आता माझीच गोष्ट. सहा वर्षांपूर्वी एका लग्नाला गेले होते. हॉलच्या बाहेर ही वेल अशी फुलली होती की निघताना दोन कांड्या तोडून पर्समध्ये टाकल्या. गेटजवळ खोचल्या. पहिल्या वर्षी सगळ्यांना कौतुक. दुसऱ्या वर्षी ती गडग्यावर चढली आणि पलीकडे उतरली. तिसऱ्या वर्षी गवत कापायच्या मशीनने ती छाटली आणि छाटण गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकलं. पुढच्या पावसाळ्यात गायरीतलं खत माडांना घातलं. आता ती प्रत्येक माडाच्या आळ्यात आहे. काही छाटण पोरांनी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, ढकललं होतं, त्यामुळे खालच्या वाडीत व्हाळाच्या दोन्ही काठांवर ती दिसते, आणि तिथली काकी मला अजून ऐकवते.

पेर असलेला तुकडा ओल्या जमिनीला टेकला की झालं. बियांपेक्षा हे बरं नाही, वाईट आहे, कारण कापणारा प्रत्येक माणूस लावणारा होतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जातींची यादी केली, त्यात ही आहे. त्याच यादीत आपली घाणेरी आहे, जलपर्णी आहे आणि रानमोडीही आहे. रानमोडीने आपल्या डोंगरांचं काय केलं ते बघायला कोणाला लांब जायला नको.

दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात तर या वेलीचा तिथल्या खऱ्या पिवळ्या माक्याशी संकर झालेला सापडला. म्हणजे ज्याच्या नावावर ही खपते आहे, त्याचीच जागा आणि वंश दोन्ही ही बळकावू शकते.

"मधमाश्या येतात, आंब्याला फळ जास्त धरतं"

माश्या आणि फुलपाखरं येतात. माझ्या गेटवर सकाळी नऊला बघा, गुणगुण चालू असते. हे मी नाकारत नाही. पण आंब्याच्या मोहोरावर परागीभवनाचं मोठं काम साध्या माश्या आणि लहान कीटक करतात, आणि वेल फुलली म्हणून ते मोहोराकडे वळतात हे कुठून आलं? मोहोर गळतो तो तुडतुड्यांनी, भुरीने आणि अवेळी पावसाने.

"परदेशी कंपन्यांनी पेटंट घ्यायच्या आत लावा"

वेलच परदेशी आहे. पुढे काय बोलायचं.

आता भाच्याने मला विचारलं, "मग गणपतीच्या पत्रीत हिची पानं घातली तर?" एकवीस पत्रींत माका आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या जुड्यांत माक्याच्या नावाखाली काय काय बांधलेलं असतं ते देवच जाणे, त्याच्यावरच वाहतो आपण. देवाला चालेल की नाही ते भटजींना विचार. श्राद्धाला लागतो तोही तोच माका, काळ्या रसाचा. मळ्याच्या बांधावर फुकट मिळतो, फक्त वाकावं लागतं.

ज्यांनी मजकूर वाचून आधीच लावली असेल त्यांनी पावसात जमीन मऊ असताना उपटावी, पेरं मोजल्यासारखी, कारण मागे राहिलेला एक तुकडा पुरतो. मशीन लावू नका. गायरीत आणि व्हाळात टाकू नका. मी गेल्या एप्रिलमध्ये पाच घमेली भरून काढली आणि तापल्या कातळावर पसरून ठेवली. महिनाभराने सगळी काटक्यांसारखी वाजायला लागली होती. जूनमध्ये पहिली सर पडल्यावर तो ढीग जाळायला गेले, तर तळाशी कातळाच्या खाचेत थोडं पाणी साचलं होतं आणि एका कांडीच्या पेरातून दोन पानं वर आली होती. हिरवी, चकचकीत, अजून कंगोरे न फुटलेली.